तोटी नसलेला नळ

लातूरच्या आमच्या घरातल्या नळाला तोटी नव्हती. नव्हती म्हणजे मी बसवू दिली नव्हती. भिंतीतून नळीचं नुसतं उघडं तोंड बाहेर आलेलं, खाली बादली आणि शेजारी हौद. पाणी आठवड्यातून कधीतरी सुटायचं. नळपट्टी वर्षाची ठरलेली, मग घागर भरा नाहीतर हौद भरा, भरायची तेवढीच. त्यामुळं गल्लीत बऱ्याच घरांत नळ असेच उघडे असायचे. त्याचा एक उपयोग होता. पाणी यायच्या आधी नळीत कोंडलेली हवा बाहेर पडते. तो आवाज आला की बाया तव्यावरची भाकर तशीच टाकून बादल्या घेऊन पळायच्या. आमच्याकडं म्हणायचे, नळानं दम टाकला.

पुढं बाकीच्यांनी तोट्या बसवल्या. मी नाही.

मी दुसरी पास. तिसरीत गुरुजींनी काही कारण नसताना हात उगारला, तर पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि आजवर आणायला गेलो नाही. स्वभाव कळावा म्हणून सांगितलं. हे लिहायलाही लई वेळ लागून राहिला, पण दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

भूकंप झाला तेव्हा आम्ही गावात राहत होतो. मी आणि धाकटा पोरगा शेतात जागलीला गेलेलो, थोरली लेक नांदेडला दिलेली. घरात लेकरांची आई एकटी. माळवदाचं घर, दगडाच्या रुंद भिंती, वर मातीचा भार. शेतातून पळत आलो तर गल्लीच सापडेना. उजाडल्यावर आमच्या परसातली पपई आडवी पडलेली दिसली, तिच्यावरून घराची जागा कळली. हाका मारल्या. दगडांखालून ती बोलली.

"पोरगं कुठाय?"

"हाय माझ्याजवळ."

"मग पाणी द्या ओ."

फट होती, पण हात जाण्यासारखी नव्हती. तुळई तिच्या अंगावर, तुळईवर सगळं माळवद. एकट्यानं हलणारं काम नव्हतं, आणि हाक मारावी तर ज्याला त्याला आपलं घर उकरायचं होतं. मी पपईच्या पानाचा लांब देठ मोडला. आतून पोकळ असतो, लहानपणी आम्ही त्याच्या पिपाण्या करायचो. तो फटीतून खाली सारला आणि म्हणालो, "तोंडात धर." देठ मोकळा आहे का बघावं म्हणून वरचं टोक मी माझ्या तोंडात धरलं. तिकडून तिचा दम आला. ऊन दम, सरळ माझ्या तोंडात.

मग पोरानं शेतातून आणलेल्या तांब्यातलं पाणी तोंडात घेऊन देठातून घोट घोट खाली सोडलं. ती प्याली. पिताना आवाज येत होता. थांबून म्हणाली, "कडू लागतंय की ओ."

पपईचा चीक, दुसरं काय. जन्मभर माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीत तिनं खोट काढली, तिथंही काढली. मी म्हणालो, "गप पी."

जवान आले, तुळई उचलली, तोवर देठातून काहीच येत नव्हतं.

तिचा फोटो आमच्याकडं नाही. एक होता, तो भिंतीबरोबर गेला.

पोराला घेऊन मी लातूरला आलो. डाळीच्या मिलमध्ये पोती उचलली, जागा घेतली, घर बांधलं. नळ जोडून दिला त्याच आठवड्यात, भर दुपारी, मी नळाखालच्या बादलीत हात धुवायला वाकलो होतो. नळी सगळी उन्हात तापलेली. पाणी सुटणार हे मला ठाऊक नव्हतं. त्या उघड्या तोंडातून एकदम ऊन हवा माझ्या तोंडावर आली, थांबली, परत आली. मी ओळखली. मागं पाणी आलं, हौद भरून अंगणात वाहून गेलं, तरी मी उठलो नाही.

त्यानंतर तोटीचं नाव काढू दिलं नाही. कारण कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरातल्या नळाचं कारण मी कुणाला का सांगावं?

दिवस गेले, शहर पालटलं. क्लासेस निघाले, भिंतीभिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचे फोटो लागले. आम्ही वर खोल्या चढवल्या आणि क्लासच्या पोरी ठेवल्या. सून त्यांचे डबे करायची. तिच्यामुळं घराला बरे दिवस आले, हे मी तिच्या तोंडावर बोललो नाही, इथं लिहितो.

मग मीटर आले. आता ठरलेली पट्टी बंद, वापराल तेवढं भरा. मीटर बसवणारा आमच्याच गल्लीतला मुसलमान गडी होता. मीटर बसवून झाल्यावर पिशवीतून पितळी तोटी काढली.

"चाचा, ही लावून टाकतो."

"न्हाई लावायची."

"अहो, आधी हवा येती ना. मीटरला काय कळतंय हवा का पाणी? चक्कर फिरली का झालं, मोजून घेतंय."

"फिरू दे."

"खुशी तुमची. आपल्याला काय, हवा तुमची, मीटर तुमचं." तो हसत निघून गेला.

पहिलं बिल आलं आणि सुनेनं कपाळाला हात लावला. पाणी सुटायच्या दिवशी ती पालथ्या बादलीवर मीटरसमोर बसून राहिली. मला ओट्यावर हाक आली.

"मामा, इकडं या! नळ कोरडा ठाक, अन् काटा गरगर फिरून राहिला. आत कोण बसलंय का ह्याच्या?"

"असंल," मी म्हणालो.

"चेष्टा नका करू. वरच्या पोरींशी मी एका बादलीसाठी भांडते, अन् तुम्ही वाऱ्याचं बिल भरायला लावता? उद्या तोटी बसवते."

"बसायची न्हाई."

"का पण?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

पोरगा चपला घालून बाहेर गेला. आमच्या दोघांच्या मधे तो कधीच पडत नाही. सून मुकाट्यानं ताट वाढायची, मी मुकाट्यानं जेवायचो. मला ते सोसलं नाही. एसटीत बसलो आणि नांदेडला लेकीकडं गेलो.

तिचं घर विष्णुपुरीच्या बाजूला. गच्चीवर टाकी. नळ फिरवला की सरळ पाणी, फिरवला की बंद. आधी नाही, नंतर नाही, कसला आवाजच नाही. मी मोरीत तोंड पुढं करून उभा राहायचो. लेक म्हणाली, "दादा, काय बघून राहिले? पाणी गार हाय." मी म्हणालो, "पाणीच बघतो." माझं तिथं मन लागेना. त्या नळांत कुणीच नव्हतं.

परत आलो तर माझ्या नळाला तोटी. नवीकोरी, पिवळीधमक, आवळून बंद. सून दारात उभी राहिली.

"बसवली मी. तुमचं घर हाय, काढायची तर काढा. पाना हौदावर ठेवलाय."

मी पाना उचलला. तेवढ्यात नळी थरथरली. पाणी सुटायचा दिवस होता. मीटरचा काटा जरासा हलला आणि अडला, पुन्हा हलला आणि अडला. आतून कुणीतरी ढकलत होतं, आणि दार बंद. माझ्या हातातला पाना खाली पडला.

"तिचा दम कोंडलाय आत," मी म्हणालो.

"कुणाचा, मामा?"

मग सांगितलं. फट, पपई, देठ, सगळं. तिनं सासू कधी पाहिली नव्हती, फोटोतसुद्धा नाही. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"कडू म्हणल्या?"

"हाव."

"अन् तुम्ही?"

"गप पी म्हणलो."

तिनं पदर तोंडाशी नेला. हसत होती का रडत होती, मला दिसलं नाही. मग उठली आणि तिनंच तोटी सोडली. हवा आली, ऊन, लांबलचक, थांबून थांबून. तिनं आधी तळहात पुढं धरला, मग गाल नेला. बाजूला काटा गरगर फिरत होता. तिनं तिकडं पाहिलं नाही. मागून गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. बादली भरली, हौद भरला.

"बंद करू का, मामा?"

"तू नको," मी म्हणालो. पुढं झालो आणि माझ्या हातानं तोटी आवळली. काटा थांबला.

सून बादली घेऊन आत गेली. मी तिथंच वाकून तोटीला कान लावला. पितळ गार पडलं होतं. आत कुणीतरी घोट घोट पाणी पीत होतं.