व्याह्यांना दाखवलेला बंगला

आधी तो चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर तुम्हाला ठसका लागायचा आणि खापर माझ्यावर फुटायचं. अशी फजिती अख्ख्या बोरगाव मेघेत कोणाची झाली नसेल!

आमच्या निखिलचं लग्न केळझरच्या मुलीशी जमत आलं होतं. फक्त मुलीच्या वडिलांचा, वासुदेवरावांचा होकार बाकी होता. शेतकरी माणूस, बोलणं मोजकं. म्हटलं, यांना नागपूर दाखवू, छाप पडेल. आमच्या वर्ध्याच्या माणसाची खोड तुम्हाला माहीत आहे ना? कॉलेजपुरतं नागपुरात राहिला, की जन्मभर तिथला जाणकार. मी तर नापास होऊन एक वर्ष जास्तच राहिलो होतो.

रविवारी सकाळी महाराजबागेतली झाडं दाखवून झाली. मग जुन्या वस्तूंच्या संग्रहालयाकडे निघालो. तिथे सगळे त्याला अजब बंगला म्हणतात. सुनंदा, म्हणजे आमची बायको, दोनदा म्हणाली, कोणाला तरी रस्ता विचारा. व्याह्यांदेखत? मी? सोडा.

एका सावलीच्या रस्त्यावर मोठं फाटक दिसलं. आत जुना कौलारू बंगला, जुनी झाडं, दाराशी छोटी तोफ. म्हटलं, आलो! व्हरांड्यात सांबराची शिंगं, ढाल-तलवार. मी लगेच इंग्रजांच्या काळात शिरलो. तेवढ्यात पांढऱ्या झब्ब्यातले एक गृहस्थ हात जोडत बाहेर आले.

"या, या. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

सरकारी खात्यात एवढी अदब? मी व्याह्यांकडे असं पाहिलं, की जणू सगळी व्यवस्था माझीच. आम्हाला आत सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. मुलाचे वडील कोण, असं गृहस्थांनी विचारलं. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणी गप्प बसतं का? मी निखिलची नोकरी सांगितली, प्लॉट सांगितला, सुपारीचंही व्यसन नाही हे सांगितलं. मुलगा का नाही आला, तर सुट्टी नाही. ठरलेले प्रश्न, ठरलेली उत्तरं, वर पोहे. कोणालाच काही खटकलं नाही. आपल्याकडे स्थळं पाहतात ती अशीच की! मी व्याह्यांच्या कानात म्हटलंसुद्धा, घ्या, तिकिटात धरलेलं असेल.

मग पडदा सरकला. साडी नेसलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि समोर बसली.

"विचारा, काय विचाराचं ते," गृहस्थ म्हणाले.

मला वाटलं, माहिती सांगणारी बाई. मी विचारलं, "बाहेरची तोफ कोणत्या सालची?"

"मागच्या वर्षीची," ती म्हणाली. "बाबांनी प्रदर्शनातून आणली."

वासुदेवरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांना माझ्या आधी कळलं, पण भलतंच कळलं. आपली पोरगी पसंत करून हा माणूस आपल्याच समोर दुसरी पाहतोय! तोंडातल्या तोंडात मी काही बोलणार, तोच फाटकाशी गाडी थांबली. यवतमाळचे खरे पाहुणे उतरले आणि आम्ही उरलेला चहा सोडून, माफी मागत उलट्या पावली निघालो.

बाहेर झाडाखाली मी घामाघूम होऊन सगळं सांगितलं. जमत आलेलं लग्न माझ्या शहाणपणाने मोडलं, याची मला खात्री पटली होती. वासुदेवरावांनी फाटकातून एकदा त्या तोफेकडे पाहिलं.

"इवाईबुवा," त्यांनी मला व्याही म्हणून हाक मारली, "एकच सांगा. पोरगा रस्ता विचारते का कोनाले? का तुमच्यावरच गेला?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा बोलली. "नाई जी. तो माझ्यावर गेला."

वासुदेवराव त्या दिवशी पहिल्यांदा हसले. तेवढ्यावर लग्न ठरलं.

आता सून घरात आली आहे. गुणी पोरगी, मला उलट शब्द बोलत नाही. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला सांगते, तेव्हा सोबत सासूला पाठवते.