टॉर्चमधल्या गोळ्या

हृदयाची झडप बदलल्यापासून आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आबा, अंगदुखीची कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही." आबांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि अमळनेरजवळच्या आमच्या गावी येऊन खांदा दुखला की गोळी गिळायला सुरुवात केली.

थोड्याच दिवसांत दंडावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. आम्ही त्यांना घेऊन जळगाव गाठलं. पोटात रक्तस्राव होत होता. "एक गोळी रक्त गोठू देत नाही आणि दुसरी पोटाला आतून जखम करते. दोन्ही मिळून जीव घेतील," डॉक्टर म्हणाले. "दुसरं औषध किती घेतलंत?"

"एकबी नही," आबा ठामपणे म्हणाले. "त्या ते किराणा दुकानन्या गोया शेतस. त्या औषध कसा व्हतीन?"

मी कपाळावर हात मारला. माय मात्र बाकावर गप्प बसून होती. आबांच्या प्रत्येक थापेवर पदर तोंडाला लावून हसणारी ही बाई त्या दिवसापासून हसेनाच. मला त्या गप्पपणाचीच जास्त भीती वाटायची.

आबा बरे होऊन घरी आले. गोळ्या सोडल्याची शपथ माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली. डोकं माझं होतं, त्यांचं काय जाणार होतं! एका संध्याकाळी लाईट गेली, मायनं आबांचा टॉर्च दाबला, तर तो पेटेना. उघडला, तर एका सेलच्या जागी कागदाची पुडी. आत्याकडून गुपचूप मागवलेल्या गोळ्या, पाकीट वाजू नये म्हणून आधीच सोलून ठेवलेल्या. हाच टॉर्च मिरवत आबा मळ्यात जायचे!

माय भांडली नाही. तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि त्या गोळ्या फेकून पुडीत स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्या भरून ठेवल्या.

मग थंडीत मळ्यात भरीत पार्टी झाली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. ती लाकडी मुसळीनं ठेचायचा मान आमच्याकडे आबांचाच. आबा टॉर्च घेऊन तुरीआड गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन असे ठेचायला लागले की भावकी बघत राहिली. "खांदा एकदम मोकया व्हई गया!" ते ओरडले. मायनं पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली, इतकी हसली की तिच्या हातातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी मातीत पडली.

जेवणं झाल्यावर आबा खाटेवर खांदा चोळत बसलेले दिसले. मी डिवचलं, "काय आबा, गोळी लागू पडली ना?"

"कॅल्शियमनी गोयी शे ती. इतली मोठी, गयामा अटकस. माले पहिल्याच दिनले समजनं."

"मग खांदा?"

"दुखस ना, लई दुखस." त्यांनी चुलीकडे, अजून हसणाऱ्या मायकडे पाहिलं. "पन तुन्ही माय कितला दिननी हासनी. मंग मी काय बोलू?"