चालण्याच्या परीक्षेचे मोजे

वनरक्षकाच्या भरतीत शेवटी चालायची परीक्षा असते. बायकांना चार तासांच्या आत सोळा किलोमीटर. माझी धाव चांगली झाली होती, त्यामुळे चालण्याची मी फारशी फिकीर केली नाही. आमचं शेत केळापूरच्या बाजूला, तिथं मी लहानपणापासून पायीच जायचे.

पण शेतात जायचे ते चपलांवर. बूट घालून सराव सुरू केला आणि थोड्याच दिवसांत दोन्ही टाचांवर फोड आले, एक करंगळीजवळही. एका सकाळी तर मी बूट हातात घेऊनच घरी परतले.

बाबा अंगणात होते. "काहून लंगडून राह्यली?"

"बूट चावून राह्यले."

त्यांनी बुटात हात घालून बोटं फिरवली. "बूट तं मऊ हाय. मोजे दाखव."

मोजे बाजारातले, पातळ नायलॉनचे. बाबांनी ते चुरगळून पाहिले. "आपण कापूस पिकवतो आन् पोरीच्या पायात हे प्लास्टिक?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरकवड्याहून शंभर टक्के सुती मोजे आणले.

ते घातल्यावर पायाला इतकं बरं वाटलं की मी बाबांचं कौतुक केलं. फोडही सुकू लागले. मग मी अंतर वाढवलं, आणि घोळ झाला. घामानं मोजे ओले व्हायचे ते ओलेच राहायचे. जड होऊन ते टाचेखाली सरकायचे आणि तळव्याखाली त्यांची घडी पडायची. त्या घडीवर नवा फोड आला, पहिल्यांपेक्षा वाईट. त्यातच परीक्षेची तारीख कळली.

"मी नाही जात," मी आईला म्हटलं. "अर्ध्यातच बसनं होईन माह्यं."

आईनं फोडावर हळद-तेल लावलं आणि मोजे धुवायला घेतले. धुताना तिनं ते उलटे केले. "हे पाह्य बरं," ती म्हणाली. बोटांपाशी आतून जाड शिवण होती, सुतळीसारखी, नेमकी करंगळीवर येणारी. उजेडात धरलं तर टाचेचं विणकाम विरून जाळी झालेलं. आम्ही दोघींनी कधी मोजा आतून पाहिलाच नव्हता.

बाबांना सांगायला मला जड गेलं. त्यांनीच हौसेनं आणले होते. त्यांनी ओला मोजा हातात घेऊन पिळून पाहिला. मग म्हणाले, "दवातला कापूस वेचला तं उन्हातबी लवकर वाळत नाही. हे मले सुचाले पायजे होतं. चाल, यवतमाळले जाऊ."

खेळाच्या सामानाच्या दुकानात आम्ही एकेक मोजा उलटा करून पाहू लागलो. दुकानदार वैतागला. "काकाजी, घ्याचे हाय का नुसतं पाह्याचं हाय?"

"पोरगी चालनार हाय यातून," बाबा म्हणाले. "पाह्यू द्या तिले."

शेवटी एक जोड सापडली. कापसात नायलॉन मिसळलेलं. टाच आणि पुढचं टोक जाड विणलेलं, तळव्याला आतून टॉवेलसारखे फासे, आणि बोटांवरची शिवण इतकी सपाट की बोट फिरवलं तरी लागत नव्हती. मधे एक घट्ट पट्टा होता, तो मोजा सरकू देत नव्हता. बाबांनी ताणून सोडला, तो झटकन जागेवर आला. "कापूस हाय ना थोडा तरी," ते म्हणाले, आणि मला हसू आलं.

फोड बरे झाल्यावर मी तेच मोजे घालून सराव केला. एकही नवा फोड आला नाही, तरी परीक्षेच्या दिवशी माझा विश्वास बसेना. चालताना सारखं वाटायचं, आता टाच जळणार. पुढची एक मुलगी रस्त्याच्या कडेला बसली, बूट काढून रडू लागली. मी तिच्याकडे न बघता पुढे गेले. पण टाच जळली नाही. वेळ शिल्लक ठेवून मी पोचले.

कडुनिंबाखाली बसून भीतभीत मोजे काढले. पाय दमट, गुलाबी, त्यांवर फाशांची नक्षी उमटलेली. कातडी सगळी जागेवर. मी मोठ्यानं हसले, बाजूच्या बाया बघायला लागल्या. मग घरी फोन लावला.

"बाबा, झालं. वेळेत झालं."

"आन् पाय?"

"धड हायेत दोन्ही."

फोनवर त्यांचा मोठा सुस्कारा ऐकू आला. मग ते आईला ओरडून म्हणाले, "अवं, झालं तिचं! चहा मांड."