नवरदेवाचा कान

मुलांनो, जुन्या फोटोत मामाआजोबांच्या डोक्यावर पगडी का, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर हसण्यातच सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहिते.

माझ्या नागपूरच्या शीख मैत्रिणीला भाऊ नव्हता. शिखांच्या लग्नात ग्रंथसाहिबांभोवती चार फेरे घेताना भाऊ नवरीला आधार देत पुढे नेतात. माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे तुमच्या मामाआजोबांना, ती लहानपणापासून राखी बांधायची, म्हणून हा मान तिने त्यालाच दिला. डोक्याला रुमाल बांधून त्याने तो छान पार पाडला.

प्रसाद घेऊन सगळे गुरुद्वाराच्या अंगणात आले. आमची आई त्याला गमतीने म्हणाली, "नवरीचा भाऊ झाला ना गा? मंग नवरदेवाचा कान काहून नाही पिळला?"

त्याने ते खरं मानलं. सरळ गेला आणि नवरदेवाचा कान पिळला!

अमृतसरहून आलेल्या नवरदेवाच्या वडिलांना आपली ही रीत कुठली ठाऊक! ते पुढे आले. मैत्रिणीचं सासर पहिल्याच दिवशी दुखावलं, असंच मला वाटलं. तेवढ्यात तीच ओढणीआडून म्हणाली, "पापाजी, भाई का हक है! हमारे नागपूर में साला कान पिळता है, फिर उसको पगडी देना पडता है."

वडील गडगडून हसले. त्यांनी पेटीतून गुलाबी पगडी मागवली आणि स्वतः भावाच्या डोक्याला बांधली. नवरदेवाने मान वळवली. "तो दूसरा भी पिळ लो जी!"

ती पगडी केव्हाच विरली. राखी मात्र अमृतसरहून अजून दर वर्षी येते.