सोमवारची थाप

व्हॅलेन्सिया मिनेझिस पगार घेऊन खोटं बोलायची. तेही शाळेत, फळ्यावर, सुंदर वळणदार अक्षरात.

मरोळच्या एका मराठी शाळेत ती ग्रंथपाल होती. तिथे मुलं वाचनालयात यायची ती पंख्यासाठी. अख्ख्या शाळेत तो एकच पंखा जोरात फिरायचा, आणि त्याखाली तोंडावर पुस्तक पालथं घालून झकास झोप लागायची. व्हॅलेन्सियाने आधी सगळे शहाणे उपाय करून पाहिले. सुविचार लिहिले, भाषणं दिली, ‘पुस्तक माझा मित्र’ अशी स्पर्धाही घेतली. मित्राला कुणी हात लावला नाही. शेवटी वैतागून तिने दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, ‘गोगलगायीला एकही दात नसतो.’

“ही थाप आहे,” तिने मुलांना सांगितलं. “पकडून दाखवा. पण मला वाटतं म्हणून नाही चालणार. दोन पुस्तकं, पान उघडून. एक पुस्तक चुकू शकतं.”

टीचरला खोटं पाडायची अधिकृत परवानगी! पोरं कपाटांवर तुटून पडली. गोगलगायीला हजारो दात असतात हे सापडलं तेव्हा सगळे एका सुरात ओरडले, “पकडली!” तेव्हापासून दर सोमवारी नवी थाप, आणि थाप सापडली की “पकडली!” हा रिवाजच पडला.

खोट्याचं शिक्षण तिला घरातून मिळालेलं. तिचे वडील गोरेगावच्या स्टुडिओत सुतार होते. लाकडी चौकटीवर कापड ताणून ते दगडी किल्ले उभे करायचे. लहानपणी ती एकदा अशा किल्ल्याला टेकली आणि आरपार गेली. चांगलं खोटं बनवायलाही मेहनत लागते, हे तिला तेव्हापासून माहीत होतं. म्हणून प्रत्येक थापेची चाचणी ती आधी नवऱ्यावर घ्यायची. गिल्बर्ट “चल गं, काहीही!” म्हणाला की थाप रद्द. नुसता मान डोलावून जेवत राहिला की पास.

त्या रविवारी गिल्बर्टच्या बहिणीने मढहून ताजे माकूल पाठवले. हॉटेलवाले ज्याला स्क्विड म्हणून दुप्पट भावात विकतात, तेच. ते साफ करता करता व्हॅलेन्सिया म्हणाली, “याला हृदयच नसतं, माहितेय? म्हणून हा कधी घाबरत नाही.”

“असेल,” गिल्बर्ट म्हणाला. “तिखट जरा जास्त टाक.”

पास.

सोमवारी सकाळी फळ्यावर माकूल चढला, आणि शाळा भरताना मुख्याध्यापक सुबोध सर घाईघाईत आले. “टीचर, संस्थेचे अध्यक्ष आलेत. स्मार्ट वर्गाचा मोठा पडदा आलाय, त्याला जागा हवी. आज वाचनालयाची खोली ठरवून जाणार. मी काही बोलू शकत नाही हं.”

“आणि पुस्तकं?”

“जिन्याखाली.”

जिन्याखाली पाण्याची टाकी गळायची.

अध्यक्ष सहदेव परुळेकर मूळचे मालवणचे, गिरणी कामगाराचा मुलगा, आता मोठे कंत्राटदार. येता येता त्यांनी वाचनालयाचा फळा वाचला, मान डोलावली आणि थेट मैदानात जाऊन माइक धरला.

“मुलांनो, माकूल बघा! त्याला हृदयच नाही. म्हणून तो घाबरत नाही. तुम्हीही माकूल व्हा!”

शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सातवीच्या रांगेत मात्र खुसखुस सुरू झाली. ऋतिका नावाची मुलगी शाळा उघडल्या उघडल्याच वाचनालयात घुसली होती. तिच्या मांडीवर दोन पुस्तकं उघडी होती. तिने टीचरकडे पाहिलं. सगळ्या सातवीने टीचरकडे पाहिलं.

व्हॅलेन्सियाचं बोट ओठांकडे गेलं. गप्प राहा, एवढंच खुणावायचं होतं. अध्यक्षांचा मान राहिला असता, कदाचित खोलीही राहिली असती. पण ज्यांना तिने स्वतः टीचरला पकडायला शिकवलं, त्यांना आता काय सांगायचं? अध्यक्ष असेल तर सोडून द्या? तिचं बोट अर्ध्यात थांबलं, आणि तिने ते नाक खाजवायला वापरलं.

“पकडली!” अख्खी सातवी ओरडली.

माइक कुईं करून थांबला. सुबोध सरांचा चेहरा खडूसारखा झाला. व्हॅलेन्सिया पुढे झाली. “सर, थाप माझी आहे. तुम्ही फक्त वाचलीत.”

“हृदय असतं, सर,” ऋतिका म्हणाली. “एक नाही, तीन.”

तीन! अध्यक्षांची शुद्ध मराठी माइकसकट खाली गेली. “गो बाय, पन्नास वर्सां माकूल खातंय मी! एकदाव हृदय गावला नाय. आणि तीन? दाखय माका!”

वाचनालयात टेबलावर पुस्तक आलं. अध्यक्षांनी चष्मा लावला. “छापतत कायव. दुसरा दाखय.”

“हे घ्या,” ऋतिकाने दुसरं सरकवलं. “आमचा नियमच आहे ना सर, दोन.”

दुसरं इंग्रजी होतं. त्यातही तीनच निघाली, चित्रासकट. अध्यक्षांनी चित्रावर बोट ठेवलं, मोजलं, आणि हळूच म्हणाले, “म्हणजे साफ करताना बायको ती फेकून देता.” मग पान उलटलं. पुढे बांगडा होता. बांगड्यावरही त्यांची ठाम मतं होती, ती पुस्तकाशी जुळेनात. ते तिसरं पुस्तक मागू लागले. बाहेर ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. सुबोध सरांनी स्मार्ट वर्गाचा विषय काढला, तर “थांबा ओ, वाचतंय ना,” असं उत्तर आलं.

उठताना अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली. पंख्याखाली कुणीही झोपलेलं नव्हतं.

“ही खोली ऱ्हवांदे. पडदा दुसरीकडे लावा.”

“पण सर, जागाच नाही.”

“शिक्षकांच्या खोलीत काय असतं?”

“शिक्षक असतात, सर.”

“तास चालू असताना?”

सुबोध सर शिक्षकांच्या खोलीची किल्ली आणायला गेले.

त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत पडदा लागला. मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक चहाचे कप घेऊन वाचनालयाच्या दारात उभे राहिले. सगळ्यात पुढे खेळाचे धोंडिराम सर, जाम भडकलेले.

“वाट लावलीस ना आमची, व्हॅलेन्सिया! आता बसायचं कुठे?”

“या ना, पंखा आहे. कप बाहेर.”

“चहा नाही, तर मग इथे बसून करायचं काय?”

व्हॅलेन्सियाने बाकड्यावर सरकून त्यांना जागा करून दिली. धोंडिराम सर थोडा वेळ छताकडे पाहत बसले, मग दाराकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. सुट्टी अजून बरीच बाकी होती. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली, आणि समोरचं पुस्तक पुढे ओढलं.