देवी सापडल्याची बातमी

मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या अंबाभवानीच्या देवळात नवरात्राआधी देवी झोपते. गुरुजी मूर्ती सिंहासनावरून उतरवतात, मागच्या शेजघरात पलंगावर निजवतात, अंगावर शाल घालतात आणि दार लावून घेतात. घटस्थापनेपर्यंत आरती रिकाम्या सिंहासनापुढे, हळू आवाजात. घंटासुद्धा वाजवत नाहीत. म्हैसूरला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या मराठी घरांना यात काही विशेष वाटत नाही. शाळेत मात्र मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. इंग्रजीत सांगायला गेलं की ते खोटं वाटायचं.

गेल्या वर्षी एका कन्नड वाहिनीचा बातमीदार दसऱ्याच्या तयारीचं चित्रीकरण करत देवळात आला. आत तेव्हा कुणी नव्हतं. संध्याकाळी टीव्हीवर रिकामं सिंहासन, खाली लाल अक्षरांत ‘देवीची मूर्ती गायब’, आणि देवळाबाहेर कापडी पिशवी घेऊन स्कूटरवर बसणारे गुरुजी. पिशवीभोवती लाल वर्तुळ फिरत होतं.

“श्राद्धाची भाजी असेल त्यात,” आई म्हणाली. भाजीच होती.

पोलीस येऊन गेले. कुणाची तक्रार नव्हती, म्हणून चहा पिऊन परतले. पण बातमी चालूच राहिली. पितृपक्ष म्हणजे गुरुजींच्या कामाचे दिवस. एकेका घरातून फोन येऊ लागले, “या वर्षी राहू दे, गुरुजी.” कारण कुणी सांगत नव्हतं.

काका देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्यांनी बातमीदाराला देवळात बोलावलं आणि मलाही. गुरुजी सोलापूरकडचे, त्यांचं कन्नड बाजारापुरतं. “तू फक्त बोल,” काका म्हणाले. “मधेमधे इंग्लिश टाक. टीव्हीवाले जरा नीट वागतात.” फोन वाजला तरी मी तो थांबायची वाट बघते, हे काकांना माहीत आहे. पण घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

“दार उघडा, गुरुजी,” काका म्हणाले. “कॅमेऱ्याला मूर्ती दाखवा. मुगितु, विषय संपला.”

“झोपलीय ती.”

“उगाच हट्ट करू नका. चोरीचा आळ तुमच्यावर आहे, तिच्यावर नाही.”

“म्हणूनच. माझ्यासाठी तिला का उठवायची?”

गुरुजी काय म्हणताहेत, असं बातमीदाराने मला विचारलं. देवी झोपली आहे, असं मी कन्नडमध्ये सांगितलं. साहेब जेवायला गेलेत असं ऐकल्यासारखं त्याने घड्याळाकडे पाहिलं. “कधी उठतील?”

बराच वेळ हेच चाललं. गुरुजी दाराला पाठ लावून बसून राहिले. शेवटी त्यांच्या पत्नी आल्या. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“उघडा हो,” त्या म्हणाल्या. “लेकीला कॉलेजात चोराची पोर म्हणतायत.”

गुरुजी उठले, हातपाय धुऊन आले. कडी काढण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाले, “दिवा लावू नका म्हणावं, बाळ.” मी सांगितलं. कॅमेरावाला खरोखर ओशाळला. “लाइटशिवाय काहीच दिसणार नाही, मॅडम.”

दार उघडलं. गुरुजी क्षणभर पलंग आणि कॅमेरा यांच्या मधे उभे राहिले, मग बाजूला झाले. पांढरा उजेड थेट देवीच्या तोंडावर पडला. शाल गळ्यापर्यंत होती. मी खाली पाहिलं. काम पटकन आटोपलं. ते लोक गेल्यावर गुरुजींनी शाल सारखी केली. “आता तिला झोप लागते की नाही, कुणास ठाऊक,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आम्ही सगळे काकांकडे टीव्हीपुढे बसलो. ‘आमच्या बातमीचा दणका! देवीची मूर्ती परत.’ तीच स्कूटर, तीच पिशवी, तेच वर्तुळ. मग पलंगावरची देवी. पुजाऱ्याने घाबरून मूर्ती आणून ठेवली का, असा प्रश्न निवेदक विचारत होता आणि उत्तर द्यायला तिथे कुणीच नव्हतं.

“अय्यो,” काका म्हणाले, आणि त्यांनी आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीला फोन मीच लावला. काय बोलायचं ते आधी मनात दोनदा म्हणून घेतलं. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. “आम्ही पॉझिटिव्ह बातमीच दिलीय ना, मॅडम? देवी सापडली.” ती हरवलीच नव्हती, असं मी सांगितलं. तिने मेल पाठवायला सांगितलं. मी पाठवला. उत्तर आलं नाही.

पितृपक्ष संपेपर्यंत गुरुजी भेटेल त्याला समजावत राहिले. वाण्याला, दूधवाल्याला, वर्षानुवर्षं ज्यांच्या घरी श्राद्धं केली त्यांनाही. लोक मान डोलवायचे. मग कुणीतरी विचारायचं, “पण मग टीव्हीवर तसं का म्हणाले?” आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

घटस्थापनेला देऊळ भरून गेलं. एवढी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. मी गुरुजींच्या बाजूला फुलांची परडी धरून उभी होते. गावाबाहेर बोगादीला नव्याने राहायला आलेल्या एक पुण्याच्या बाई ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या. सिंहासनावरच्या देवीकडे पाहून त्यांनी गालांवर बोटं लावली.

“बाई गं! बरं झालं हो गुरुजी, देवी परत मिळाली.”

गुरुजींनी ताट घेतलं. ते आता सांगतील म्हणून मी वाट पाहिली. मागून रांग ढकलत होती.

“हो,” ते म्हणाले. “मिळाली.” आणि बाईंच्या हातावर तीर्थ घालून ते पुढच्या माणसाकडे वळले.