दर्याक मन आसा

बाबी तांडेल गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं खिडकीतूनच ओरडून दिली, आणि गाडी फोंडाघाटाकडे निघून गेली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत म्हणाली, "शेवटपर्यंत सांगूक नाय ना तुमी त्येंका?" नाही सांगितलं... आणि म्हणूनच आज हे लिहायला बसलो आहे.

मी मूळचा घाटावरचा. बी.एस्सी. होऊन तोंडवलीजवळच्या शाळेत शास्त्र शिकवायला आलो तेव्हा डोक्यात हवा भरपूर आणि समुद्र पाहिलेला फक्त नकाशात. बाबीकाका होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. जाळी विणता विणता ते मला रोज छेडायचे. "मास्तरांनू, तुमच्या सायन्साक मोठमोठा दिसता, साधा दिसणा नाय!" मी चिडून गुरुत्वाकर्षण समजवायचो. ते शांतपणे भरती-ओहोटीचा आपला हिशेब सांगायचे : "तिथीचे पाऊणपट करूचे, तितक्या वाजता भरती. थंयसून सा तासांनी सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. सुकतीला खाडी चालत ओलांडता येते, एवढंच मला त्यातलं उपयोगी वाटलं.

कारण खाडीपलीकडे मला मुलगी बघायला जायचं होतं. तारीख चार, वेळही दुपारी चारची. मी वहीत चोख हिशेब मांडला : चाराचे पाऊणपट तीन, तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला सुकती. नऊला पार व्हायचं आणि पलीकडे आरामात थांबायचं. नव्या कोटात काठावर गेलो तर खाडी तुडुंब! पण गणित म्हणत होतं सुकती, तेव्हा चूक डोळ्यांचीच असणार, असं ठरवून मी पाण्यात उतरलो. घाटावरच्या विहिरीत पोहायला शिकलो होतो म्हणून वाचलो. पलीकडे उंडीच्या झाडाखाली ओलाचिंब बसलो असताना डोक्यात प्रकाश पडला. चार ही तारीख होती हो! तिथी होती द्वादशी. बाराचे पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती आणि तीनला सुकती. नेमकं उलटं.

चारला मुलीकडे पोचलो तरी कोट ओलाच होता. भावी सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा शास्त्राच्या मास्तरानं तिथी-तारखेचा घोळ केला हे कसं सांगायचं? म्हटलं, "आत्ताच तीनला खाडी उतरलो. कमरेपर्यंत पाणी होतं." ते चाट पडले. "बारशीक तीनाक? घोट्याइतक्याय पानी नसता तेव्हा!" आतून फिस्सकन हसू आलं. ती हसणारी मला पसंत पडली, आणि मीही तिला... हे सगळं लग्नानंतर तिला एकटीलाच सांगितलं.

पण माझी थाप खाडी ओलांडून बाबीकाकांपर्यंत पोचली होती. त्या दिवशी ते मासे घेऊन गोव्याकडे गेले होते. परत आल्यावर गंभीरपणे म्हणाले, "दर्याक मन आसा, मास्तर. नवरो बघूक वर इलो तो. ह्या तुमच्या सायन्साक ठावक नाय!" झालं, त्यांना सिद्धांत सापडला. किनाऱ्यावरचे बाकीचे तांडेल हसायचे, म्हणायचे मास्तरच चुकले असतील. बाबीकाका भांडायला उठायचे. "मास्तर खोटा बोलणत नाय!" मी तिथेच उभा असायचो, चप्पल बघत.

पुढे त्यांनी माझ्याकडून मुंबईच्या शास्त्रज्ञांना कार्ड लिहून घेतलं : "रा. रा. सायन्सवाले यांस, द्वादशीस दुपारी तीन वाजता खाडीस कमरेएवढे पाणी चढले. असे का, ते कळवावे." आणि खाली, त्यांच्या आग्रहावरून : "साक्षीदार, मास्तर." ते कार्ड मी टाकलंच नाही. दर आठवड्याला विचारायचे, "उत्तर इला?" मी म्हणायचो, "मोठी माणसं, काका. वेळ लागतो." ते मान डोलवायचे. "लागांदे. साधी गोष्ट कळाक वेळ लागताच."

काल ते कार्ड ट्रंकेतून काढलं. खाली थोडी कोरी जागा होती. तिथे मी उत्तर लिहिलं : काका, तुमचा हिशेब बरोबर होता. साक्षीदार खोटा होता.